माझे हात का थरथरतात

आधीची गोळी लागू पडेनाशी झाली म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती हळूहळू कमी करून नवी सुरू केली, आणि माझे हात थरथरायला लागले. तळव्यांना घाम, तोंडाला कोरड, मान वळवली की डोक्यात बारीकसा झटका. "शरीराला सवय होईपर्यंत सोसावं लागेल. फारच झालं तर फोन करा, पण मनाने बंद करू नका," त्या म्हणाल्या होत्या. मी केस कापते. आता गिऱ्हाइकांच्या कानांची काळजी म्हणून कात्री ठेवून दिली आणि नुसतं केस धुणं, रंगवणं चालू ठेवलं.

नानायने, म्हणजे माझ्या आईने, हात पाहिले आणि ती निदान करून मोकळी झाली.

"पस्मा. गरम ड्रायर धरतेस आणि लगेच गार पाण्यात हात घालतेस. दुसरं काय होणार?"

आमच्या लिपा शहरात हात थरथरले की तो पस्माच, म्हणजे तापल्या हातांना गार पाणी लागून जडणारं दुखणं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आलं, मीठ, सल्ले, सगळं घरपोच. वर मला हात धुवायची बंदी. केस रंगवणाऱ्या बाईला.

मालिशवाली आलिंग चारिंग, म्हणजे चारिंगमावशी, माझ्या दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर, माझे तळवे चोळायला बसली. "त्या गोळ्या पोटात जातायत तोवर माझ्या तेलाचा गुण यायचा नाही. बंद कर त्या."

"मीही तेच म्हणते," म्हणत नानायने माझी गोळ्यांची डबी उचलली.

माझं डोकंच फिरलं. गोळी सुटली तर मी परत कुठे जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेली, अंघोळीचंही ओझं वाटणारी ती बाई मला पुन्हा व्हायचं नव्हतं.

"डबी ठेव, नानाय. हा पस्मा नाही. मला डिप्रेशन आहे. औषध बदललंय म्हणून हात हलतात. हलू देत."

सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले. मग ड्रायर लावून तळहात चांगले तापवले आणि नळाच्या गार पाण्याखाली धरले. चारिंगने छातीवर क्रूस काढला. डोक्याला रंग लावून बसलेली बाई आरशात बघायचंही विसरली.

दुकान रिकामं झाल्यावर नानाय म्हणाली, "कशाला बोललीस? गेल्या वर्षी तू अंथरूण धरलंस तेव्हा कोण आलं होतं दारात? पस्मा म्हटलं तर बघ कशी रीघ लागली."

इतके दिवस मी समजत होते, हिला माझी लाज वाटते. गेल्या वर्षी माझ्या उशाशी ती एकटीच बसून होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"नाही आले तर नाही आले," मी म्हणाले. "गोळी मी घेणार."

तिने डबी पुढे केली. थरथरत्या हातांनी झाकण निघेना, तेव्हा तिनेच काढून दिलं.

सकाळी चारिंग तेल घेऊन पुन्हा हजर. नानाय दारात आडवी उभी राहिली.

"तेल राहू दे. पोरीला डिप्रेशन आहे. पेज करून आण आणि बस तिच्याजवळ घटकाभर. गेल्या वर्षीचं येणं राहिलंय तुझं."