गरीब दिसायला हवी

खामगावच्या गुणी गरीब बालक उत्तेजन मंडळाला गरिबांचा फार कळवळा होता. फक्त गरीब नीट गरीब दिसायला हवेत, एवढीच अट. अध्यक्ष नीळकंठराव वकील ही अट पोटभर जेवणानंतर समजावून सांगत.

त्या वर्षीच्या सभेला डिप्टी कमिशनरसाहेब येणार होते. कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला जाणाऱ्या नूरबीची पोर गुलनार त्यांच्यापुढे चित्र काढणार होती. साहेबांच्या मनात आलं तर अमरावतीच्या शाळेत, बोर्डिंगासकट, तिची सोय होणार होती.

गणिताच्या तासाला पाटीवर बैल काढला म्हणून दुसऱ्या कोणी तिला बडवलं असतं. वासंतीबाई मास्तरणींनी "शेपूट जरा वळव" एवढंच म्हटलं आणि दर शनिवारी अख्खा फळा तिच्या हवाली केला. पुढेपुढे तर तो बैल फळ्यावरून उतरून चालू लागेल असं वाटे.

सभेला गुलनार नवा हिरवा कुडता घालून आली. नीळकंठरावांचा चेहरा पडला.

"नूरबी, आज ईद आहे का गं?"

"नाही जी. साहेबापुढं जायचं, म्हून माह्या ओढणीचा शिवला."

"हिला पाहून साहेबांना दया कशी येणार?"

"दया काऊन जी? चित्र पाहाले येऊन राह्यले ना ते?"

वकिलांनी घरून कंदिलाच्या काचा पुसायचा फाटका सदरा मागवला. त्याला घासलेटचा वास होता आणि बाहीला एक मेलेला डास. तो पोरीच्या कुडत्यावर चढवला. चिटणीस उद्धवराव मुळात कलावंत. त्यांनी टेबलावरच्या उदबत्तीची राख बोटावर घेतली, पोरीच्या दोन्ही गालांना फासली आणि मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं.

"आता कशी दिसते!"

नूरबीच्या मुठी वळल्या. वासंतीबाईंनी तिचा हात धरला. "आधी चित्र होऊ द्या."

साहेब आले. हार, अत्तर, स्वागतपद, पुन्हा हार. मग गुलनारनं फळ्यावर कापसाची गाडी काढली. साहेब खुर्चीतून उठून फळ्याजवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले.

"ह्या मुलीला अमरावतीला धाडा," ते म्हणाले. "जागा मी देतो."

नीळकंठरावांनी हात जोडले. "हुजुरांची कृपा! पण ही गेली, तर पुढल्या वर्षी आम्ही हुजुरांना काय दाखवायचं?"

मंडळानं माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

बायांच्या बाजूनं नूरबी उठली ती थेट साहेबांपुढे.

"साहेब, पोर माही हाय. मी धाडून राह्यली. ह्यायले काय इचारता?"

साहेबांनी वासंतीबाईंकडे पाहिलं.

"आई म्हणते तेच," बाई म्हणाल्या.

साहेबांनी टाळी वाजवली, म्हणून मंडळानंही वाजवली. सगळ्यांत जोरात नीळकंठरावांनी. मग पान गालात सरकवून ते उद्धवरावांच्या कानाशी लागले.

"एखादं आंधळं, गाणारं पोर मिळतं का बघा. या खेपेला आई नसलेलं बघा."