ऐंशी की नव्वद

आमच्या आईला समुद्र बघायचा होता. मागणी साधी. समुद्रही होता तिथेच आहे. पण आम्ही राहतो अमेरिकेच्या ऐन मध्यात, नेब्रास्कात, आणि इथून समुद्राकडे एकापेक्षा जास्त हायवे जातात, तिथे आईचं नशीब फुटलं.

बाबा, म्हणजे मर्ल, ऐंशी नंबरच्या हायवेचे भक्त. तो आमच्या गावाला खेटून जातो, त्यामुळे तो देवानेच आखलाय अशी त्यांची श्रद्धा. त्यांचे धाकटे भाऊ ड्वेनकाका नव्वदवाले. नव्वद गाठायचा तर आधी अर्धा दिवस उत्तरेला जावं लागतं, म्हणजे समुद्र सोडून भलतीकडेच. पण काकांनी जन्मभर ट्रक चालवला, त्यामुळे भलतीकडे जाणं हाही त्यांच्या अनुभवाचाच भाग.

दर उन्हाळ्यात सर्वोत्तम हायवे ठरेपर्यंत बाबांची रजा संपायची. आई भरलेल्या बॅगा घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर बसून यायची. यंदा ती म्हणाली, "मर्ल, साठी आली माझी. यंदा नाही नेलंस तर समुद्र स्वर्गातूनच बघेन."

"तिथून छान दिसेल," बाबा म्हणाले. "पण गाडीने जायचं तर ऐंशीच."

शनिवारी सकाळी मी बॅगा आईच्या गाडीत ठेवल्या आणि ड्वेनकाका 'नुसता निरोप द्यायला' आले. आल्याआल्या आपल्या पिकअपच्या बॉनेटवर त्यांनी नकाशा पसरला.

"दादा, ऐंशीवर आहे काय बघायला? मका."

"आणि तुझ्या नव्वदवर?"

"मकाच. पण संडास स्वच्छ."

"माणूस संडास बघायला जातो का रे?"

"तुझ्या वयाचा माणूस दुसरं काय बघतो?"

शेजारी घडीच्या खुर्च्या घेऊन आले. त्यातला लेलंड म्हणाला, सत्तर नंबरने जा. त्याला कॉफी देऊन लांब बसवण्यात आलं. दुपारी कुणीतरी चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचं पातेलं आणि दालचिनीचे रोल आणले. वाद आता बैठा झाला.

"मी जरा व्होंडाचा निरोप घेऊन येते," आई म्हणाली आणि गाडी घेऊन गेली. व्होंडा समोरच्याच घरात राहते. कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

आमच्याकडे निरोप हे एका दमाचं काम नाही. आधी मांडीवर थाप मारून "चला, निघतो" म्हणायचं आणि बसून राहायचं. मग दारात अर्धा तास, पायरीवर अर्धा तास, शेवटी गाडीच्या खिडकीत. माझ्या आजीचा निरोप एकदा इतका लांबला की यजमानांनी तिला अंथरूण घातलं.

त्यामुळे रात्री कुणीतरी आईबद्दल विचारलं, "आर्लिस कुठाय?" तेव्हा बाबा म्हणाले, "निरोप घेतेय." रविवारी चर्चनंतरही तेच. व्होंडा स्वतः आमच्या अंगणात रोल खात बसली होती. पण तिचंही म्हणणं, आर्लिस माझ्या घरी वाट बघत असेल, आणि मी गेले की निरोप सुरू होईल. एवढा वेळ कुणाला आहे?

गाडी कोपऱ्यावरून वळताना मी पाहिली होती. मला कुणी विचारलं नाही.

मंगळवारी आईचा फोन आला. मागे लाटांचा आवाज.

"मर्ल, मी समुद्रावर आहे."

बाबांनी फोन कानाला घट्ट धरला. तुझी तब्येत बरी आहे ना, असं ते विचारतील असं मला वाटलं.

"कुठल्या रस्त्याने गेलीस?"

काकांनी फोनला कान लावला.

"आधी समुद्र कसा आहे ते विचार," आई म्हणाली.

"कसा आहे?"

"मोठा आहे रे. तुझ्या चड्ड्याही इथेच आल्यात. त्यांनी बघितला, तू नाही बघितलास."

"बरं. रस्ता कुठला?"

"इथे ये. इथे बसून सांगते. फोनवर नाही सांगणार."

बाबांनी फोन ठेवला. आधी आकाशाकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी पिकअपची किल्ली पुढे केली. उत्तर त्यांनाही हवं होतं. बाबांनी मांडीवर थाप मारली.

"चला, निघतो."

सगळे निरोप द्यायला उठले. आज शुक्रवार. बाबा पायरीपर्यंत पोचलेत.