मागे बसायला जागा

किल्ली हातात घेतली तेव्हा सुनीतीला ती आधी गार लागली आणि मग जड. गाडीचीच किल्ली, पण तिला दात नव्हते, पातं नव्हतं. पिवळ्या रंगाचा एक गुळगुळीत गोटा नुसता... एसीच्या झोताखाली बशीत पडून राहिल्यामुळे इतकी गार झाली असेल, असं तिने स्वतःला समजावलं, कारण तो गारवा तळहाताच्या ओळखीचा होता. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचांमध्ये इंजेक्शनच्या कुप्या उभ्या असायच्या, सकाळी एक काढायची, मुठीत धरून जरा कोमट करायची, पोटाची चिमूट धरायची – आणि रत्नाकर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारायचा, "मी देऊ का?" ती म्हणायची, "नको, माझी मी घेते." पुढे पुढे तो विचारायचा थांबला. दाराशी मात्र यायचा, पाणी प्यायच्या निमित्ताने.

तिने किल्ली परत बशीत ठेवली. शेजारी दुसरी होती, काळी. बशीपलीकडे काचेच्या भिंतीआड दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्या दोन गाड्यांच्या मध्ये तिचा नवरा उभा होता, पाठीमागे हात बांधून, शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखा. पिवळी गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग स्वतःला आत सोडून द्यायचं. सीटा दोनच, त्यांच्या पाठीला लगटून इंजिन. दुसरी गर्द हिरवी, जरा भारदस्त, वेगाला तितकीच. पण तिला मागे दोन छोट्या सीटा होत्या. सीटा कसल्या, दोन खळगेच. दोन्ही गाड्या कुणीतरी वर्ष-दोन वर्षं हौसेने वापरून विकायला काढलेल्या, आणि दोन्ही रत्नाकरच्या कॉलेजपासूनच्या आवडत्या. म्हणजे तेव्हा त्यांचे आजे-पणजे, याच नावांची जुनी मॉडेलं. सांगलीच्या हॉस्टेलवर कपाटाच्या दाराला आतून मासिकातली चित्रं चिकटवणारा हा माणूस आयुष्यभर चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक तपासत राहिला, आणि घरची गाडी कसली, तर दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. दिवाळीत कंपनीतला त्याचा हिस्सा विकला गेला, तेव्हा सुनीतीनेच म्हटलं होतं, "घे आता. ती तुझी वाऱ्यासारखी पळणारी." तो हसला होता. "तू म्हणशील तसं," म्हणाला होता.

तू म्हणशील तसं... हे त्याचं ठरलेलं उत्तर. घर कुठे घ्यायचं, तू म्हणशील तसं. बदली घ्यायची की चेन्नईतच राहायचं, तू म्हणशील तसं. तिच्या बँकेतल्या बायका म्हणायच्या, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस, आणि ती मान डोलवायची. खरंच होतं ते. आणि आज चार वाजताचंही तसंच. इथून दोन गल्ल्यांवर, नुंगंबाक्कममध्येच ते क्लिनिक. जन्माला न आलेलं त्यांचं शेवटचं काहीतरी आठ वर्षं तिथे गोठवून ठेवलेलं. पुढच्या महिन्यात सुनीतीला पन्नास पुरी होतील, त्यानंतर कायद्याने काही करता यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी फोन केला होता. प्रयत्न करायचा तर याच महिन्यात, नाहीतर नको म्हणून सांगा, पण दोघांनी येऊन सांगा. फोन ठेवून सुनीती म्हणाली होती, "मला आता पुन्हा नाही जमायचं, रत्नाकर." तो पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला, घडी घातली, आणि म्हणाला... काय म्हणाला ते सांगायला हवं?

म्हणून तिने दोन्ही कामं एकाच दिवशी घेतली. एकाच फेरीत होतील, असं ती म्हणाली होती. खरं म्हणजे तिला त्याला रिकाम्या हाताने घरी न्यायचं नव्हतं. मुलाला डॉक्टरकडे नेताना आधी खेळणं घेऊन द्यावं तसं. हा विचार आला तशी तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मॅडम, कॉफी." शोरूमची मुलगी कागदी कप घेऊन आली. तिशीच्या आतली, कपाळाला विभूतीची बारीक रेघ, छातीवर नावाची पट्टी – विद्यालक्ष्मी. इंग्रजी भराभर बोलायची, मध्येच तमिळची फोडणी. तिने सुनीतीला हिरव्या गाडीपाशी नेलं, पुढची सीट आडवी केली, मागच्या खळग्यात हात घालून दाखवला. "सरांना मघाशीच म्हटलं, मॅडम, मूल असेल तर हीच घ्या. लहान मुलांची सीट इथे अडकवता येते. बघा ना, इथे हुक आहे."

सुनीती हसली. हसतच रत्नाकरकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "हिला सांग, आमचं मूल बर्फात ठेवलंय म्हणून. चार वाजता फेकायला जाणार आहोत."

ही त्यांची जुनी खोड. टी. नगरला साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडासमोर हसत हसत "हा लुटतोय, उठ" म्हणायचं. ऑटोत, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत जे नाही बोलायचं ते बोलून घ्यायचं. वीस वर्षांत या गावात मराठी ही त्यांच्या घराची भिंत झाली होती. तिच्याआड काहीही करावं. पण आज रत्नाकर हसला नाही. "सुनीती," एवढंच म्हणाला, आणि मुलीच्या हातून हिरव्या गाडीची सीट सरळ होईना म्हणून ती सरळ करायला वाकला. मुलगी बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावरचं विक्रीचं हसू तसंच होतं, पण ती सुनीतीकडे बघत नव्हती.

पिवळी चालवून बघायची ठरली. दोघंच आत, शोरूमचा एक माणूस मोटरसायकलवर मागोमाग. इंजिन सुरू झालं तेव्हा सुनीतीच्या पाठीच्या कण्यातून आवाज वर चढला आणि ती खरोखर दचकली, मग तिला गंमतही वाटली... तीनशेच्या वेगाने पळू शकणारी ती गाडी नुंगंबाक्कम हाय रोडवर पाण्याच्या टँकरच्या मागे गोगलगायीसारखी निघाली. बसमधली माणसं खिडकीतून वाकून त्यांच्या डोक्यांकडे बघत होती. मे महिना, तमिळ लोक कत्तिरी म्हणतात ते सगळ्यात कडक ऊन, रस्ता पांढरा पडलेला. शाळेपुढे गतिरोधक आला. इतकी बुटकी गाडी सरळ नेली तर पोट घासतं, म्हणून रत्नाकरने ती तिरकी केली, आणि एक चाक... मग दुसरं... अगदी अलगद.

आणि ते अलगद जाणं तिच्या अंगाने ओळखलं. त्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, जेव्हा दिवस टिकले होते – चौथा महिना लागला होता – तेव्हा तो असाच चालवायचा. घर ते क्लिनिक वाटेवरचा एकूण एक गतिरोधक त्याला तोंडपाठ. मागून ऑटोवाले शिव्या घालायचे, बसवाले कानठळ्या बसवायचे, आणि हा ब्रेकवाला माणूस पावलापावलाने गाडी नेत असायचा. ती म्हणायची, "अरे, काचेची नाहीये मी." आणि मग तो दिवस. येतानाचा. ती पुढच्या सीटवर, पोटावर पर्स, आत काही नाही. आणि शाळेपुढे येताच त्याने गाडी तशीच हळू केली, तशीच अलगद चढवली, अलगद उतरवली. तेव्हा ती किंचाळली होती. "आता कशाला जपतोयस? आता काय आहे?" पुढच्या गतिरोधकालाही त्याने गाडी तशीच नेली होती. मला वाटलं होतं, सवय. त्याच्या हातापायांना लागलेली सवय, दुसरं काय... असंच तर वाटलं होतं.

"कशी वाटली?" परत आल्यावर तिने विचारलं.

"छान आहे." तो दार धरून उभा होता. कपाटातल्या चित्रातून अशीच गाडी इतकी वर्षं त्याच्याकडे बघत आली होती, आणि तो म्हणाला, छान आहे.

"हिरवी चालवून नाही बघायची?"

"नको. माहीत आहे ती." आणि तो हात पाठीमागे बांधून तिकडे गेला.

माहीत आहे? कुठून माहीत आहे? सुनीती टेबलापाशी बसली. कॉफी निवून गेली होती. विद्यालक्ष्मी समोर येऊन उभी राहिली, बसली नाही. पदराशी चाळा करावा तसा तिने नावाच्या पट्टीशी चाळा केला आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"अक्का, मला मराठी येते."

सुनीतीला आधी ते शब्द कळलेच नाहीत. तमिळच्या चालीवरचं ते मराठी. प्रत्येक शब्दाला शेवटी थोडं झुकलेलं.

"तंजावूरचे आम्ही. आमच्या घरांत हेच बोलणं." मुलीचे डोळे भरले होते. "माफ करा. मी तसं बोलायचं नव्हतं."

भिंत पडली. इतकी वर्षं जिच्याआड काय काय बोलून घेतलं ती भिंत, आणि पलीकडे ही परकी पोर उभी, सगळं ऐकून. सुनीतीचे कान तापले. माफी तिने मागायला हवी होती. "तुझं काय चुकलं त्यात," ती कशीबशी म्हणाली. "तू आपली मूल असेल तर म्हणून..."

"सर म्हणाले म्हणून मी बोलले, अक्का." मुलगी गोंधळली. "सर आधी पण येऊन गेले. एकटेच. पिवळीकडे बघितलं पण नाही. हिरवीत मागे बसून राहिले, पुष्कळ वेळ. तेव्हा मी पुसलं, सर, मुलं आहेत काय. म्हणाले..." ती थांबली. आपण बोलून गेलो हे तिला कळलं होतं.

"काय म्हणाले?"

"अजून नाही, म्हणाले."

अजून नाही. बावन्न वर्षांचा माणूस. कानाशी पांढरा, गुडघ्यावरून उठताना हाताचा आधार घेणारा. परक्या मुलीने विचारलं, आणि तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, अजून नाही.

सुनीतीने काचेतून पाहिलं. हिरव्या गाडीचं दार उघडं होतं आणि पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या होत्या.

ती उठून गेली. तो मागेच होता. मान वाकडी, डोकं छताला, गुडघे हनुवटीपाशी आलेले. एवढा उंच माणूस त्या खळग्यात कसा शिरला असेल कोण जाणे. तिला बघून ओशाळला, उठायला धडपडला, पण तिथून पटकन उठणं शक्य नव्हतं. ती पुढे, चालकाच्या जागी बसली आणि दार ओढून घेतलं. बाहेरचा आवाज एकदम गेला.

"पाय मावतात?" तिने समोर बघतच विचारलं.

"नाही मावत."

"मग?"

"माझे मावून काय करायचंय..." तो म्हणाला.

तिने स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवले. पहिल्यांदा आला तो रागच. इतका मोठा राग की तिला धाप लागली. इतकी वर्षं! सुया मी टोचून घेतल्या, रक्त माझं गेलं, ठरवायला मी, नको म्हणायलाही मी... आणि हा मागे असा बसून होता, तोंडातून अवाक्षर न काढता? एकदा तरी म्हणायचं होतंस, मला हवंय. भांडायचं होतंस माझ्याशी. पण म्हटलं असतं तर? तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. माझी मी घेते. त्या दुःखाला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. तो दाराशी उभा राहायचा, पाणी प्यायचा, जायचा. त्याला तहान लागते एवढंच तिला वाटलं होतं.

"इथून नुसतं तुझं डोकं दिसतं," मागून तो म्हणाला. गमतीने म्हणावं तसं, पण आवाज जागेवर नव्हता. "आणि थोडा रस्ता."

तिला रडू आलं. आजवर ती पुष्कळ रडली होती, न्हाणीघरात, बँकेच्या तिजोरीच्या खोलीत, आईच्या फोननंतर; पण ते सगळं स्वतःसाठी होतं, आणि त्या पोटातल्यासाठी. या माणसासाठी ती आज पहिल्यांदा रडत होती. आणि याचा अर्थ असा नव्हता की आता तिला जमेल. तेही तिला कळत होतं. अंग तेच होतं, थकलेलं, घाबरलेलं; त्या टेबलावर पुन्हा पाय वर करून पडायची नुसती कल्पनाही सोसत नव्हती. नको ते नकोच होतं. फक्त ते आता तिच्या एकटीचं नव्हतं, आणि एकटीचं होतं तेव्हा किती सोपं होतं...

काचेपलीकडे विद्यालक्ष्मी पाठ करून उभी होती. कुणी गिऱ्हाईक इकडे यायला लागलं, तर तिने त्याला हाताने पिवळीकडे वळवलं.

"सुनीती, चार वाजायला आले," रत्नाकर म्हणाला. "निघायला हवं ना?"

"हो."

"गाडीचं काय सांगायचं हिला? तू म्हणशील–"

"नको म्हणूस ते," ती म्हणाली. "रत्नाकर, आज ते नको म्हणूस."

त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता, इतका तो जवळ होता. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई विचारतील, दोघांचं ठरलंय ना, आणि त्यावर काय म्हणायचं हे तिने सकाळी आरशापुढे केस विंचरताना घोकून ठेवलं होतं. साधं, दोन शब्दांचं वाक्य. ते तिने आता मनातल्या मनात म्हणून बघितलं. आमचं ठरलंय. पुन्हा म्हणून बघितलं. ओठांपर्यंत येऊन ते थांबत होतं, आणि मागे बसलेला माणूस काही बोलेल म्हणून ती, गाडी सुरू नसताना, चाक घट्ट धरून वाट बघत राहिली.