बिनउजेडाची बॅटरी

किल्लीवाल्याला आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या फटक्यात पसंत पडली नव्हती. कुलूप असो, चप्पल असो की साधा खिळा, तो ती आधी तळहातावर तोलायचा, मग कानाशी नेऊन हलवायचा आणि दुकानदाराकडे अशा नजरेने बघायचा की त्या बिचाऱ्याला आपण चोरीचा माल विकतोय असं वाटावं. एक जावई तेवढा त्याने न तोलता, न हलवता पसंत केला होता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

जावई होताही तसाच. मऊ बोलणं, हसरा चेहरा. रविवारी सासऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या न चुकता घेऊन यायचा. बायको दाताच्या दवाखान्यात नोकरीला, तिला न्यायला रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन दारात हजर. किल्लीवाल्याची बायको वारल्यापासून घर खायला उठायचं, तेव्हा दोन घटका बसून गप्पा मारणारा हा एकटाच. शेजारीपाजारी म्हणायचे, तुम्हाला जावई नाही, मुलगाच मिळाला. किल्लीवाला मान डोलवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला किल्ली फुकट घासून द्यायचा.

अशा सुखात असलेल्या लेकीने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं की तिला ती विजेचा झटका देणारी बॅटरी घ्यायचीय, पर्समध्ये मावेल एवढी. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, रस्त्यावर हल्ली भीती वाटते. झालं! एकुलती एक लेक. तिच्या केसाला धक्का लागला तर मागे जगायचं कुणासाठी, हा विचार त्याला जेवू देईना. शनिवारी भर दुपारी त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि तिला घेऊन तो बाजारात आला. जावयाला सांगू नका, उगाच काळजी करेल, असं लेकीने बजावलं होतं. पण किल्लीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. निघतानाच त्याने जावयाला फोन करून सांगितलं होतं की लेकीला घेऊन जरा खरेदीला चाललोय. काय खरेदी ते सांगितलं नाही, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

दुकान टॉर्च, शिट्ट्या, दुर्बिणी आणि सायकलच्या दिव्यांचं होतं. मालकीण अंगाने भरलेली, चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायलासुद्धा परवानगी मागावी लागेल अशी. तिने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक हातभर लांब दांडकं, एक लिपस्टिकएवढं, आणि एक मुठीत बसेल असं, ज्याच्या तोंडाशी टॉर्चचा दिवा होता. हे तिसरंच घ्या, ती म्हणाली, बायका हेच नेतात. आधी उजेड डोळ्यांवर मारायचा, समोरचा गांगरला की धूम ठोकायची. झटका हा अगदी शेवटचा उपाय.

आणि तिने बटण दाबून दाखवलं. तडतड आवाज झाला, दोन टोकांमध्ये निळी ठिणगी नाचली. किल्लीवाला दोन पावलं मागे उडाला आणि मागच्या शिट्ट्यांचा स्टँड त्याने जवळजवळ पाडला. मालकीण मनापासून हसली. लेक हसली नाही.

मग किल्लीवाल्याने आपली परीक्षा सुरू केली. मुठीतलं यंत्र तोललं, कानाशी नेलं, बटणावरची सुरक्षेची कळ वर-खाली सरकवून खटका ऐकला. मनगटाला अडकवायच्या दोरीला एक पिन होती. कुणी हिसकावून घेतलं तर पिन निघते आणि यंत्र बंद पडतं, असं मालकिणीने सांगितल्यावर तो पहिल्यांदा खूश झाला. पिनेची अक्कल ज्याने लढवली त्याला सलाम, म्हणाला. उजेड त्याने समोरच्या भिंतीवर पाडून पाहिला. भरदुपारीसुद्धा पांढरा लख्ख गोल उमटला. त्याने मनातल्या मनात सौदा पक्का केला.

पण लेकीने त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, याच्यात दिवा नसलेलं मिळतं का?

मालकीण म्हणाली, मिळतं, पण दिव्याशिवाय घेऊन करणार काय? अंधारात कोण येतंय ते कळायला नको? लेक म्हणाली, दिवा नको. आणि कमी आवाजाचं आहे का? उशीखाली राहील इतकं चपटं?

मालकिणीला गिऱ्हाइकांच्या तऱ्हांची सवय होती. ती फळीवर शोधायला लागली. शोधता शोधता एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, म्हणाली. हे काही बंदूक नाही, लांबून चालत नाही. माणूस हाताच्या अंतरावर यावा लागतो, त्याच्या अंगाला हे टेकवून धरावं लागतं. जाड कपड्यांवरून तर लागतही नाही नीट. लेक म्हणाली, "जवळच असतो."

किल्लीवाल्याच्या हातात अजून ते दिव्याचं यंत्र होतं. त्याच्या डोक्यात काहीतरी सरकलं. रोज संध्याकाळी स्कूटर दारात असते. सकाळी तोच सोडतो. मग ही पोर रस्त्याने चालते कधी? आणि उशीखाली ठेवायला रस्त्यावर उशी कुठून येणार?

किल्लीवाल्याच्या धंद्यात एक रीत होती. दुकानाचा फोन वाजला की नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न एकच: आत की बाहेर? म्हणजे तुम्ही बंद दाराच्या आत अडकलात की बाहेर? त्यावरून अवजारं न्यायची ठरायची. बाहेर अडकलेली माणसं आरडाओरडा करतात, चिडतात, दोनदा फोन करतात. आत अडकलेली हळू बोलतात. लेक सहावीत असल्यापासून दुकानाचा फोन उचलायची. हा प्रश्न तिने बापापेक्षा जास्त वेळा विचारला असेल.

तो तिच्या जवळ गेला. मालकीण शिडीवर होती, पाठ करून.

"बाळा," तो म्हणाला, "आत की बाहेर?"

लेकीने त्याच्याकडे बघितलं. मालकिणीला काही समजलं नाही आणि समजायची गरजही नव्हती.

"आत," ती म्हणाली.

त्यानंतर तिने जे सांगितलं ते ती काउंटरची कड धरून, खाली बघत सांगत होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच सुरू झालं होतं. आधी टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणाली, मग खोलीत येतो. तोंडावर कधी मारत नाही, दवाखान्यात जावं लागतं ना मला. दुसऱ्या दिवशी रडतो, पाय धरतो, आणि संध्याकाळी स्कूटर घेऊन दारात उभा राहतो, मी कुणाशी बोलते ते बघायला.

किल्लीवाल्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता जावं आणि त्या माणसाचा गळा धरावा. आणि तरीही, खोटं कशाला बोला, त्याच क्षणी त्याच्या तोंडातून निघालं, "अगं, पण त्याच्याशी एकदा बोलून बघू का मी?"

"म्हणूनच मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, बाबा," लेक म्हणाली. आवाज चढला नाही. "तुम्ही त्याला विचारणार. तो तुमच्यासमोर रडणार. तुम्ही विरघळणार आणि मला म्हणणार, सांभाळून घे. मला माहीत होतं. म्हणून मी तुमच्याकडे आधार नाही मागितला, मशीन मागितलं."

बापाला एवढा झटका मालकिणीच्या कुठल्याही यंत्राने दिला नसता. लेक म्हणत होती ते खरं होतं, तो अगदी असाच विरघळला असता. गोळ्यांची ती रविवारची पुडी, त्या गप्पा, सगळं त्याच्या मनात अजून जावयाच्या बाजूने भांडत होतं.

मालकीण शिडीवरून उतरली, हातात चपटं काळं यंत्र. शेवटचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं, कारण तिने ते यंत्र काउंटरवर ठेवलंच नाही. घरातल्या माणसासाठी मी हे विकत नाही, म्हणाली. याला ती पिनही नाही, तो हिसकावून घेतो आणि तुमच्यावरच चालवतो. चष्मा पुसत तिने एवढंच विचारलं की राहायला दुसरीकडे जागा आहे का.

"आहे," किल्लीवाला म्हणाला. त्याचं घर म्हणजे दुकानामागची एक खोली, एक पलंग, एक स्टोव्ह. ती आजपासून तिची, असं त्याने लेकीला सांगितलं. तो स्वतः दुकानात झोपेल. लेकीने त्याच्याकडे जरा संशयाने बघितलं, आज म्हणतायत, उद्या काय, अशा नजरेने. त्याचा त्याला राग आला नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. जावई होता. नेहमीचा मऊ आवाज. बाबा, झाली का खरेदी? न्यायला येऊ का तिला?

ती आजपासून माझ्याकडे राहणार आहे, किल्लीवाला म्हणाला, आणि थांबला. का थांबला ते त्यालाच ठाऊक होतं. त्याला अजून वाटत होतं की जावई घाबरेल. तिला बरं नाही का, पडली का कुठे, म्हणून विचारेल. बापाच्या मनाचा एक कोपरा त्या एका प्रश्नासाठी आसुसला होता.

जावयाने विचारलं, "तिने काय सांगितलं तुम्हाला?"

आवाज मऊ राहिला नव्हता. किल्लीवाल्याने फोन कानापासून जरा दूर धरला. आता तोलायचं, हलवून बघायचं काहीच उरलं नव्हतं.

"न्यायला येऊ नका," तो म्हणाला. "तिचे कपडे न्यायला मी येतोय. बरोबर गल्लीतली चार माणसं असतील." आणि त्याने फोन बंद केला.

लेकीने इतका वेळ धरलेली काउंटरची कड सोडली. बोटं पांढरी पडली होती, ती तिने एकमेकांवर चोळली. मग नेहमीच्या, मोकळ्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीय."