युरेनसचा उजेड

इरमचं तोंड बघवत नव्हतं. तिच्या पीएचडीचा सगळा जीव युरेनसच्या हवेतल्या हायड्रोजनच्या उजेडात होता आणि आलेखावर तो उजेडच दिसत नव्हता.

हा उजेड अतिनील. आपली हवा त्याला खाली येऊ देत नाही, म्हणून अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेली माहिती आम्ही कोल्हापुरात बसून इंटरनेटवरून उतरवून घेतो. पण ती दुर्बीण पृथ्वीभोवतीच फिरते आणि पृथ्वीच्या वर पसरलेला हायड्रोजनही तसाच चमकतो. ती चमक आधी वजा करावी लागते, डेअरीत दूध मोजताना कॅनचं वजन वजा करतात तशी. इरमने ती वजा केली आणि हाती शून्य आलं. मी तिची गाईड, त्यात तापट बाई. विषय बदल, असं तिला फटकन सांगून टाकलं आणि मग घरी जेवणच जाईना.

माहिती साफ करून द्यायचं काम तेजस्वीचं. तिच्यात आणि इरममध्ये महिनाभर अबोला होता. दोघींच्या पेठांच्या तालमींचे संघ फुटबॉलच्या फायनलला भिडले, एका पेनल्टीवरून स्टेडियममध्ये वाजलं आणि या दोघी बाईसाहेबांनी ते भांडण लॅबपर्यंत आणलं. फायली पेनड्राइव्हवर टाकून मुकाट्याने टेबलावर ठेवल्या जायच्या. मीही लक्ष घातलं नाही. या गावात फुटबॉलच्या भांडणात पडायची माझी छाती नाही.

सोमवारी इरम टेबल आवरायला लागली. तिचे डोळे भरलेले पाहून तेजस्वीला राहवेना. ती उठून तिच्या स्क्रीनपाशी गेली, गणिताच्या पायऱ्या वाचू लागली आणि एका ओळीवर थांबली.

"पृथ्वीचा उजेड मी कवाच काढलाय की. तू परत कशाला काढलास?"

"तू सांगितलंस कवा?"

"तू इचारलंस कवा?"

तेजस्वीने खुर्ची ओढली, ती ओळ खोडली आणि गणित पुन्हा चालवलं. सपाट रेघेतून हळूहळू एक उंचवटा वर आला. युरेनसचा स्वतःचा उजेड, चांगला ठसठशीत.

मी दोघींना यथेच्छ झापलं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. तेजस्वीचा हात इरमच्या खांद्यावर होता आणि दोघी आलेखाकडेच बघत होत्या.

"मॅडम, विषय बदलायचा न्हाय न्हवं?" इरमने विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं आणि खरं सांगते, तिच्याआधी माझाच जीव भांड्यात पडला.