आटे पाडायचा धडा

"चायत साखर घातलंस की नुसती दाखवलंस गो?" दत्ताराम कुरकुरला, अगदी शेवंतीच्या कानाशी.

खोक्यावर चिकटपट्टी लावताना तिचे हात थबकले. रोजच थबकायचे.

"घातली हो काका," लेथ मशीनवरची तेजल भिंतीवरच्या टीव्हीला म्हणाली आणि तिने जीभ चावली.

शेवंतीचा नवरा दत्ताराम चैत्रात गेला. पण साकीनाक्याच्या त्या गाळ्यात शटर वर गेलं की तो हजर. पितळी नोझलं करणारा गाळा. जुने कारागीर कोकणात जाऊन बसले, नवी पोरं म्हणायची, लेथपेक्षा पार्सलची बाइक बरी, हवा तरी लागते. तेव्हा वडिलांमागे गाळा सांभाळणाऱ्या रुचिराने लेथसमोर मोबाइल बांधला आणि दत्तारामला येत होतं ते सगळं चित्रित करून घेतलं, खोकल्यासकट. आता पॅकिंगच्या बायका टीव्हीवर त्याचं ऐकून लेथ शिकत होत्या. रुचिराने शेवंतीलाही पॅकिंगला लावून घेतलं. संसारात घुमा असलेला माणूस आता दिवसभर बोलत होता, तेही सगळ्यांशी.

त्याच्या स्टुलावर कुणी बसत नसे. टीव्हीखाली रोज चहाचा एक ग्लास असे. कोण ठेवतं, कुणी विचारत नसे. पडद्यावरून तो "थांबा, पाणी पितंय," म्हणाला की अख्खा गाळा थांबे.

फक्त शेवटचा धडा कधी लागत नसे. नोझलला स्क्रूसारखे आटे पाडायचा. तो धडा आला की पॉलिशवाला कुंडलिक हात पुसत उठायचा, टीव्ही बंद करायचा. "नंतर बघू." मग आटे बाहेरून पाडून आणायचे, ते धड बसायचे नाहीत. आज गिऱ्हाइकाने सगळी खोकी परत धाडली होती. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देणार होता.

"कुंडलिकभाऊ, लावा ना तो धडा," तेजल वैतागली. "बिनआट्याची नोझलं काय शोकेसात मांडायची?"

"ती क्लिप खराब आहे," रुचिरा घाईने म्हणाली.

शेवंतीने चिकटपट्टी खाली ठेवली. दहाव्याला, बाराव्याला, गाळ्यातल्या प्रत्येकाने तिला एकच वाक्य सांगितलं होतं: बसल्या बसल्या गेले हो, काही त्रास झाला नाही. सगळ्यांच्या तोंडी तेच शब्द, शाळेतल्या कवितेसारखे पाठ. तिला तेव्हाच ते खटकलं होतं.

"खराब तर खराब," ती म्हणाली. "लावा. मला बघायचंय."

कुंडलिक हलला नाही. तेजलनेच लावला.

"पयल्याच फटक्यात खोल जाव नको," दत्ताराम सांगत होता. "हळू. धातूक कळता तुझी घाई." मग खोकला. मग हात छातीवर. "बाय, मी आज घराक जातंय. बरा वाटत नाय."

मोबाइलमागून रुचिराचा हसरा आवाज: "काका, एवढा एकच धडा! उद्या सुट्टी घ्या ना."

आणि लांबून कुंडलिक: "अरे हिरो, शूटिंग पुरं कर की!"

कुणीतरी हसलं. दत्तारामही हसला, कपाळ पुसलं आणि आटे पाडले. नोझल मोबाइलपुढे धरलं. चकाकत होतं. मग तो चित्रातून बाजूला गेला. स्टूल पडल्याचा आवाज आला. त्यानंतर पडद्यावर फक्त लेथ, कुणी नसताना गरगरत राहिलेला.

गाळ्यात तेजलने आपला लेथ बंद केला. तरी घरघर चालूच होती. पडद्यावरची.

"काकी," रुचिरा पुढे आली, "डॉक्टर म्हणाले होते, तसंही ते वाचले..."

शेवंतीने स्टूल ओढलं, दत्तारामचं, आणि त्यावर बसली.

"हे घरी जातो म्हणत होते, ताई," ती म्हणाली. "तुम्ही सोडलं नाहीत."