शंभर ग्रॅममागे

ब्रोनाला जन्मापासून एक विकार होता. प्रोटीनमधला एक घटक तिच्या शरीराला मोडता यायचा नाही. तो रक्तात साठायचा आणि मेंदूला बाधायचा. लहानपणी आईनं तिला बटाटासुद्धा तोलून खाऊ घातला. अठराव्या वर्षी ब्रोनानं ते सगळं झुगारून दिलं आणि चारचौघींसारखं चीज-टोस्ट खायला लागली. डोकं जरा जड राहायचं, एवढंच. पुढे आयर्लंडमधल्या बॅलिनरोब गावी फर्गलशी संसार थाटला आणि एकतिसाव्या वर्षी, ध्यानीमनी नसताना, दिवस राहिले. कळलं तेव्हा सहावा आठवडा संपत आला होता.

डब्लिनच्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ नेसाबाई फोनवर म्हणाल्या, "आता रडू नकोस. तुझ्या रक्तात चढतं ते बाळाच्या रक्तात जातं. मेंदूला धोका, हृदयाला धोका. आजपासून जेवणातून दिवसाला सहा ग्रॅम प्रोटीन, वर औषधी पेय. तोंडात जाईल ते तोलायचं आणि ॲपमध्ये लिहायचं. चाटलेला चमचासुद्धा."

तिनं लिहिलं. ती सलूनमध्ये केस कापायची; तिथं दोन गिऱ्हाइकांच्या मधे काय खाल्लं, तेही लिहिलं. ते पेय कुजक्या कोबीसारखं वास मारायचं. नाक दाबून दिवसातून चारदा प्यायली. ओकाऱ्यांनी जीव नकोसा झाला होता. पोटात टिकायचे ते फक्त कोरडे कॉर्नफ्लेक्स, दिवसाकाठी साठ ग्रॅम. गावातल्या दुकानाचे कॉर्नफ्लेक्स ॲपमध्ये सापडेनात, म्हणून फर्गलनं खोका वाचून नोंद तयार करून दिली. ती तेव्हा बादली घेऊन कोचावर पडली होती.

आठवड्यातून दोनदा बोट टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे आणि टपालानं पाठवायचे. रक्तातल्या त्या घटकाचा आकडा अकराशेवरून पाचशेवर उतरला आणि तिथंच अडला. हवा होता तो अडीचशेच्या आत. ॲपमधला हिशोब मात्र रोज सहा ग्रॅमच्या आत, एकदम चोख.

"बाहेर काही खातेस का?" फर्गलनं एकदा विचारलं. तो दुधाचा टँकर चालवायचा. घरी आला की कपड्यांना दुधाचा आंबूस वास.

"नाही."

"चुकून?"

"फर्गल, चुकून कोणी चीज खातं का?"

नंतर एका शनिवारी ती कामावरून आली तर स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. कचऱ्याचा डबा त्यावर उपडा करून फर्गल एकेक कागद उलगडून बघत होता.

"काय शोधतोयस?"

"सलूनमध्येही विचारून आलो," तो मान वर न करता म्हणाला. "तिथल्या बायका म्हणाल्या, चहाबरोबर तू काही घेत नाहीस. मग आकडा उतरत का नाही, ब्रोना? माझं पोर आहे ते. मला खरं सांग, मी ओरडणार नाही."

तिनं कोट काढला नाही. तशीच आत जाऊन पलंगावर बसली. सोळा वर्षांची असताना तिनं खरोखरच चोरून खाल्लं होतं, उशीखाली बिस्किटं लपवली होती. आता एवढं पाळूनही तोंडावर तोच शिक्का. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

सोमवारी नेसाबाईंचा फोन आला. "अगं, माझा तुझ्यावर विश्वास आहे. म्हणूनच म्हणते, घरातल्या प्रत्येक पाकिटाचे फोटो पाठव."

पंधरा मिनिटांत त्यांचा पुन्हा फोन. "कॉर्नफ्लेक्सची नोंद कुणी केली? खोक्यावर दोन पॉइंट एक ग्रॅम प्रोटीन आहे ते तीस ग्रॅमच्या वाटीमागे. ॲपमध्ये तोच आकडा शंभर ग्रॅममागे पडलाय. तू रोज तीन ग्रॅम जास्त खात होतीस, ब्रोना. पाच आठवडे."

संध्याकाळी तिनं फर्गलसमोर खोका ठेवला आणि शेजारी फोन. समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं खोक्यावरचे तीस आणि शंभर ग्रॅमचे दोन्ही रकाने पाहिले, पुन्हा पाहिले. मग बाहेर जाऊन टँकरच्या पायरीवर बसून राहिला. ती त्याला बोलवायला गेली नाही.

आठवड्याभरात आकडा दोनशेवर आला आणि शेवटपर्यंत तिथं राहिला.

डर्वला मार्चमध्ये जन्मली. डोकं लहान, हृदयाला छिद्र. पाचव्या महिन्यात तिची छाती उघडावी लागली. नुकसान पहिल्या सहा आठवड्यांत झालं की नंतरच्या पाचांत, हे कुणालाच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "ते पाच माझे," फर्गल एकदा म्हणाला. "आणि सहा माझे," ब्रोना म्हणाली. दोघांच्या मनातला दुसऱ्या मुलाचा विषय तिथंच मिटला.

डर्वला वर्षाची झाली तरी बसत नव्हती. तपासणीला नवी नर्स होती, फॉर्म भरत होती. "गरोदरपणी पथ्य पाळलं होतंत?"

ब्रोना मांडीवरच्या डर्वलाचे मोजे सारखे करू लागली.

"तिनं पाळलं होतं," फर्गल खिडकीपाशी उभा राहून म्हणाला. "कणाकणानं. नोंद मी चुकवली."

नर्सनं एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "मग 'पाळलं' असं लिहू?"

"लिहा," ब्रोना म्हणाली, आणि नर्सला डोक्याभोवती मापाची टेप लावता यावी म्हणून तिनं पोरीचे हात घट्ट धरले.